वेशीपलीकडचा पगार



या व्याख्यानमालेत आजवर कवी बोलले, समीक्षक बोलले, नाटकवाले बोलले. यंदा तुम्ही साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देणाऱ्या माणसाला उभं केलंत. विषय काय घेऊ म्हणून विचारलं, तर आपले चिटणीस म्हणाले, "डॉक्टर, दवाखान्यात लोक काय बोलतात तेच सांगा की." ते काही सांगता येत नाही. पेशंटचं बोलणं दवाखान्याचा उंबरा ओलांडत नाही. पण गेल्या काही वर्षांत एक प्रश्न इतक्या घरांमधून माझ्या टेबलावर आला आहे, की तो आता कुणा एकाचा राहिलेला नाही. म्हणून तोच घेतो.

मुलगा किंवा मुलगी इथं चांगल्या नोकरीत आहे. पुढची बढती समोर दिसते आहे. आणि तेवढ्यात परदेशातून एक नोकरी चालून येते. हुद्दा एक पायरी खालचा, आणि पगार, नीट हिशेब केला तर, इथल्यापेक्षा कमी. जावं की राहावं?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सरळ कुणी येत नाही. येतात ते पित्त घेऊन, डोकं धरतं म्हणून, रात्री तीनला जाग येते म्हणून. आमच्या पद्धतीत केस घेताना बराच वेळ बोलावं लागतं. त्रास कधीपासून आहे? दिवाळीपासून. दिवाळीत काय झालं? काही नाही हो, घरी सगळे होते. सगळे म्हणजे कोण? मग हळूहळू कळतं, की लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलानं लॅपटॉप उघडून आईवडिलांना एक पत्र दाखवलं होतं. औषध मी देतोच. पण त्या पत्राचा विचार गोळ्यांनी होत नाही, तो बसून करावा लागतो.

आता हा प्रश्न भोपाळच्या मराठी माणसाला नवा वाटावा, याची मला गंमत वाटते. आपण इथं आलो कसे? १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ असे चार तुकडे जोडले, राजधानी भोपाळला आणली. त्याआधी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि नागपूर विदर्भासकट मुंबई राज्यात गेलं. नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी मराठी कारकून, सुपरिटेंडेंट, लेखापाल फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले. माझे वडील त्यातले एक. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची कंपनी स्थापन झाली. तिच्यासाठी मराठी इंजिनियर आणि फोरमन आले, पिपलानी-बरखेड्यात स्थिरावले. तात्या टोपे नगरातली क्वार्टर्स, पावसाळ्यातला चिखल, बाजारात हिंदी-उर्दू, आणि नागपुरात मागे राहिलेलं घर. पगार तोच होता. पण घरचं धान्य, वाड्यातला आधार, मुलांच्या शाळेची भाषा हे सगळं वजा केलं, तर तोच पगार कमी झाला होता. त्यांनी हे गणित कागदावर मांडलं नसेल, पण त्याचं उत्तर म्हणून आज आपण या सभागृहात बसलो आहोत. मी मराठी बोलताना मधूनच हिंदी वाक्य येतं, तेही त्याच उत्तरात धरा.

आता आजचं गणित. दुसऱ्या कुणाचं सांगता येत नाही, म्हणून माझ्या घरातलं सांगतो. माझ्या बहिणीचा मुलगा, वय ३१, इथल्याच मॅनिटमधून मेकॅनिकल इंजिनियर झालेला. पुण्यात एका वाहनउद्योगाशी संबंधित कंपनीत आहे, वर्षाला २४ लाख. येत्या वर्षात विभागप्रमुख होण्याची शक्यता. त्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कंपनीतून पत्र आलं: डिझाइन इंजिनियर, हाताखाली कुणी नाही, वर्षाला ५४,००० युरो. युरो आज शंभर रुपयांच्या वर आहे. बहिणीनं लगेच मनात गुणाकार केला आणि मला फोन केला, "दादा, दुपटीपेक्षा जास्त आहे!"

इथंच पहिली चूक होते, आणि ती भल्याभल्या शिकलेल्या घरांत होते. युरोला रुपयानं गुणायचं ते फक्त मागे उरलेल्या पैशाला. खर्च होणारा युरो तिथंच जन्मतो आणि तिथंच मरतो, त्याचा रुपयाशी काही संबंध नसतो. जागतिक बँक एक हिशेब करते: अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, तेच भारतात घ्यायला किती रुपये लागतील? उत्तर साधारण २० ते २२ रुपये येतं. बाजारात मात्र डॉलरला त्याच्या चौपट मोजावे लागतात. जर्मनीत तेवढ्याच वस्तूंना साधारण ७० ते ७५ सेंट लागतात. या मापानं पुण्याचे २४ लाख म्हणजे लाख डॉलरच्या वर भरतात, आणि जर्मनीचे ५४,००० युरो पंचाहत्तर हजार डॉलरच्या आसपास. म्हणजे 'दुपटीपेक्षा जास्त' वाटणारा पगार प्रत्यक्षात कमी.

हे माप सरासरीचं आहे, हेही लक्षात ठेवा. त्यात आपल्याकडची स्वस्त मोलकरीण, स्वस्त रिक्षा, स्वस्त न्हावी सगळं येतं. ज्याला ते नकोच आहे, त्याच्यासाठी इथली स्वस्ताई तितकीशी खरी नाही. पण एकदा ते मापही बाजूला ठेवून आम्ही मामा-भाचे साधी वही घेऊन बसलो. कर, पेन्शन, आरोग्यविमा हे सगळं कापून महिन्याला हातात तीन हजार युरोंच्या थोडं वर. दोन खोल्यांचं घर, हीटिंग धरून, तेराशे-चौदाशे. किराणा, फोन, विमे, रेल्वे-बसचा पास, थंडीचे कपडे, वर्षातून एकदा भारतात यायचं तिकीट. शेवटी महिन्याला पाच-साडेपाचशे युरो उरतात. रुपयांत पंचावन्न हजार. पुण्यात त्याचे ऐंशी हजार मागे पडतात, आणि शिवाय त्याची बायको चाळीस हजार मिळवते. तिच्याकडे नंतर येतो, कारण या सगळ्या गोष्टीत तिला सगळ्यात शेवटी विचारलं गेलं.

वही मिटली तेव्हा बहीण म्हणाली, "मग प्रश्नच मिटला. कमी पैसे, खालचा हुद्दा. जायचं कशाला?"

प्रश्न मिटला नव्हता. इथून खरा सुरू झाला. कारण कमी पगार ही किंमत आहे, आणि किंमत महाग की स्वस्त हे काय विकत घेतो आहोत त्याशिवाय ठरत नाही. भाच्याला मी विचारलं, "पुण्यात विभागप्रमुख झालास, की दिवसभर काय करशील?" तो म्हणाला, "मीटिंगा. माणसांच्या रजा, टार्गेटं, वरच्यांना उत्तरं." "आणि तिथं?" "तिथं विद्युत गाडीच्या थंड ठेवण्याच्या यंत्रणेचं डिझाइन पहिल्या रेघेपासून करतात. इथं आम्हाला तिथून आलेलं ड्रॉइंग मिळतं, आम्ही त्यातला एक कोपरा बदलतो." 'करिअरची वाढ' हा शब्द आपण फार सैल वापरतो. बढतीची वाढ वेगळी, हाताची वाढ वेगळी. कधी दोन्ही एकाच घरात मिळतात, आणि मिळत असतील तर देवाचे आभार मानून तिथंच थांबावं. पण पुष्कळदा पहिली वाढ दुसरीला खाते. चाळिशीत मोठं पद असलेले आणि हाताला काम न उरलेले कितीतरी लोक माझ्याकडे झोपेच्या तक्रारी घेऊन येतात.

तुम्हाला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची गोष्ट माहीत आहे. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' तुमच्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला असेल. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून तो केलेला. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. प्रमुख डॉ. अटल, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर, सगळ्यांत वडील, आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट निघाली. कोटणिसांना २८ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झालेले, पुढच्या शिक्षणाच्या तयारीत. सोलापूरचं मध्यमवर्गीय घर, दोन भाऊ, पाच बहिणी. त्या काळच्या हिशेबानं अशा घरातल्या डॉक्टर मुलाकडून काय अपेक्षा असते ते मी तुम्हाला सांगायला नको.

ही गोष्ट आपण नेहमी त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. कुणाच्या नोकरीच्या पत्राशी मी तिची बरोबरी करत नाही. तो युद्धावर सेवेसाठी गेला होता. पण डॉक्टर म्हणून वाचतो तेव्हा मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुंबईत राहिला असता, तर हा तरुण पुढची कितीतरी वर्षं ज्येष्ठ सर्जनच्या शेजारी उभा राहिला असता. तिथं तो १९३९ मध्ये येनानला पोचला, आघाडीच्या मागच्या गावांमधून जखमींवर शस्त्रक्रिया करत हिंडला, चिनी शिकला, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचा संचालक झाला. वय तीस. नॉर्मन बेथून हा कॅनडाचा सर्जन तिथंच काम करताना १९३९ मध्ये वारला होता, त्याच्या नावाचं ते रुग्णालय. ज्याला आपण करिअर म्हणतो ते सगळं सोडून हा माणूस गेला, आणि कामाच्या बाबतीत इथल्या कुठल्याही वर्गमित्रापेक्षा वेगानं वाढला.

आणि त्याची किंमत? चीनमध्ये पोचल्यावर काही महिन्यांतच वडील गेल्याची बातमी आली. तो परत फिरला नाही, पुढे येनानला गेला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले होते. परतीची वाट होती, त्यात कमीपणाही नव्हता. कोटणिसांनी १९४१ मध्ये तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इन्हुआ ठेवलं: 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. ३२ व्या वर्षी. चित्रपटात आपण त्यांच्यासाठी रडतो. मला मात्र दर वेळी सोलापूरचं ते घर आठवतं. मुलगा किती मोठा झाला हे त्या घराला तो गेल्यावर कळलं.

दुसरं नाव वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं आहे, न वाचलेल्यांनी वाचावं. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक. घरी परतणं शक्य नव्हतं म्हणून १९२४ मध्ये मेक्सिकोला गेला आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला. मक्यावर, गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मेक्सिकोच्या भिंतीवर असलेला हा माणूस नागपूरच्या रस्त्यावरून चालताना किती जणांनी ओळखला असेल? परदेशात वाढलेला हात इथं परत आल्यावर त्याला पुरेल एवढं काम मिळेलच, असं नसतं. 'चार वर्षांनी येतो आणि मोठ्या पदावर बसतो' असं सांगणाऱ्या मुलांना मी खानखोज्यांचं चरित्र हातात देतो.

तिसरा तर आपल्या भोपाळचाच. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते बरकतुल्ला. १९०९ मध्ये ते टोकियोत हिंदुस्तानी भाषेचे प्राध्यापक झाले. तिथून ब्रिटिशांविरुद्ध लिहीत राहिले. ब्रिटिशांनी जपानवर दबाव आणला आणि १९१४ मध्ये नोकरी गेली. त्यांना ती जाण्याची भीती नव्हती, पण आपल्या मुलांना असते. परक्या देशात आपली नोकरी ही नुसती नोकरी नसते, राहण्याचा परवाना तिच्यावर टांगलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की साधारण साठ दिवस मिळतात. आणि कमी पगारावर जाणाऱ्यासाठी यात एक खास खड्डा आहे. परवान्याला पगाराची किमान मर्यादा असते आणि ती सरकते. ब्रिटनमध्ये कुशल कामगाराच्या व्हिसाची सर्वसाधारण मर्यादा २६,२०० पौंड होती. एप्रिल २०२४ मध्ये ती ३८,७०० झाली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. शिक्षण संपवून 'आधी कमी पगारावर लागू, मग बघू' म्हणणाऱ्या कितीतरी मुलांच्या पायाखालची फळी अशी निघाली. त्यांचे आईवडील आमच्याच कॉलन्यांत राहतात, एज्युकेशन लोनचे हप्ते भरत. म्हणून पत्र आलं की पगाराचा आकडा त्या देशाच्या मर्यादेपासून किती वर आहे, हे आधी बघा. भाच्याचा आकडा जर्मनीच्या ब्लू कार्डच्या २०२५ च्या मर्यादेच्या, म्हणजे ४८,३०० च्या, बऱ्यापैकी वर होता. अगदी काठावर असता तर मी नको म्हणालो असतो.

आता भाचेसून. ती माझ्याच पदवीची, बीएचएमएस. साडेपाच वर्षांचं शिक्षण, मग पुण्यात कोथरूडला स्वतःचा दवाखाना, सहा वर्षांत जमवलेले पेशंट. तिची पदवी जर्मनीत डॉक्टरकी म्हणून चालत नाही. ज्या देशात आमचे हानेमान जन्मले, त्या देशात! तिथं होमिओपॅथी करायची तर एक मार्ग 'हाइलप्राक्टिकर' म्हणून आरोग्य खात्याची परीक्षा देण्याचा आहे, आणि ती जर्मन भाषेत. त्यासाठी भाषा पक्की व्हायलाच दोन वर्षं. अमेरिकेत गेलेल्या माझ्या काही विद्यार्थिनी आज मेडिकल कोडिंग करतात. काम वाईट नाही, पण त्यांचा हात ज्यासाठी तयार झाला होता ते ते नाही. नवऱ्याच्या वाढीच्या वहीत बायकोची घट लिहायला स्तंभच नसतो. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "मामा, मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून मी विचार केलेला नाही. दोन दिवस द्या." दोन दिवसांनी तिनं फोन केला. जायला हरकत नाही म्हणाली, पण दोन अटी. दवाखाना विकायचा नाही. आणि किती दिवसांसाठी ते आधी ठरवायचं.

ही दुसरी अट ऐकून मला माझी आजी आठवली.

आम्ही विदर्भातले सैतवाळ जैन, आजी कारंजा लाडची. श्रावकाच्या बारा व्रतांत एक दिग्व्रत असतं. दहा दिशांना आपण कुठपर्यंत जाऊ याची सीमा आयुष्यभरासाठी ठरवून घ्यायची. नदी, डोंगर, गाव अशी खूण धरायची. त्या सीमेपलीकडे नफा असला तरी जायचं नाही. आजीनं ऐन तरुणपणी हे व्रत घेतलं आणि उत्तरेची सीमा धरली नर्मदा. तिला काय ठाऊक की १९५६ साली सरकार राजधानी उचलून नर्मदेच्या पलीकडे नेईल आणि तिच्या मुलाला तिथं जावं लागेल! भोपाळ नर्मदेच्या उत्तरेला. आजी आमच्या घरी कधीच आली नाही. वर्षातून एकदा ती होशंगाबादपर्यंत यायची, आताचं नर्मदापुरम. ते दक्षिण काठावर. आम्ही भोपाळहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर खाली जायचो आणि सेठानी घाटाच्या पायऱ्यांवर सगळे बसायचो. ती पलीकडच्या काठाकडे बघून वडिलांना विचारायची, "तुझं घर त्या बाजूला किती आत?" वडील दर वेळी थोडं कमी सांगायचे.

लहानपणी मला हा हट्टीपणा वाटायचा. आता वाटतं, तिनं निदान सीमा आधी ठरवली होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याकडे दिग्व्रताबरोबर देशव्रतही सांगतात: आयुष्यभरासाठी नाही, ठराविक काळापुरती सीमा. अमुक दिवस अमुक हद्दीपलीकडे जाणार नाही. मुदत संपली की पुन्हा विचार करायचा, पुन्हा ठरवायचं. धर्म बाजूला ठेवला तरी यात मला शहाणपण दिसतं. आपली मुलं 'बघू, दोन-तीन वर्षं' म्हणून जातात. त्या दोन-तीन वर्षांची तारीख कुणी लिहून ठेवत नाही. मग घर घेतात, पोरं तिथल्या शाळेत जातात, आणि एक दिवस लक्षात येतं की निर्णय झालेला आहे. कधी झाला ते कुणालाच सांगता येत नाही.

भाच्याच्या बाबतीत तारीख आयती सापडली. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो तो २७ महिन्यांनी. भाषा बी-वन पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांनी. म्हणजे तिथलं सरकारच सांगतं, की या सुमाराला तुमचं जमलं की नाही ते कळतं. आम्ही २७ महिने धरले. त्या दिवशी तीन गोष्टी बघायच्या असं ठरलं. त्यानं स्वतःच्या हातानं काही पहिल्या रेघेपासून केलं आहे का. तिचा तिथं स्वतःचा काही मार्ग सुरू झाला आहे का, निदान परीक्षा दिली आहे का. आणि तिसरी गोष्ट बहिणीच्या वाट्याला आली, कारण ती इथं राहणार आहे. ती काय बघणार ते तिनंच लिहावं.

हा तिसरा भाग मी मुद्दाम सांगतो, कारण या सभागृहात बसलेले बहुतेक जण या तिसऱ्या ओळीतले आहेत. अरेरा कॉलनी, शाहपुरा, चुनाभट्टी. मोठी घरं, खाली दोघंजण, वरचा मजला बंद. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सोमवारी सकाळी माझ्याकडे ज्यांचं ब्लडप्रेशर चढलेलं असतं, त्यांना मी आता विचारतो, काल बोलणं झालं का? बहुतेकांनी मुलाला सांगितलेलं असतं की सगळं ठीक आहे. पडलो होतो, हे सांगितलेलं नसतं. मुलगा तिकडून सांगतो की काम मस्त चाललंय. टीममधल्या निम्म्या लोकांना काढलं, हे सांगत नाही. दोन्हीकडून प्रेमानं खोटं चाललेलं असतं. भोपाळहून फ्रँकफर्टला थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई गाठायची, पुढे आठ-नऊ तास. फोन ठेवल्यापासून दारात उभं राहीपर्यंत एक पूर्ण दिवस जातो, तिकीट मिळालं तर. हे मोजायचं. मुलाला अडवण्यासाठी मोजायचं असं मी म्हणत नाही. आईवडिलांनी आजारपण दाखवून मुलाला थांबवणं मी पाहिलं आहे आणि ते मला मुळीच आवडत नाही. असा थांबलेला मुलगा पुढची दहा वर्षं त्याचं व्याज वसूल करतो. पण न मोजता, 'आमचं काय, आम्ही बघून घेऊ' म्हणून पाठवणं हेही खरं नसतं. रात्री डॉक्टरकडे कोण नेईल, बँकेत कुणाची सही चालेल, किती दिवसांच्या आजारपणात त्यानं यायचं आणि किती दिवसांच्या आजारपणात यायचं नाही, हे बोलून घ्या. बोलायला अवघड आहे, ठाऊक आहे. पण दवाखान्यात मी याहून अवघड गोष्टी लोकांना बोलताना ऐकलं आहे, आणि बोलून झाल्यावर त्यांना झोप लागते.

तर भाचा आणि भाचेसून एप्रिलमध्ये निघताहेत. पुण्याच्या कंपनीनं दोन वर्षांत परत आलास तर बघू, असं तोंडी सांगितलं आहे. मी त्याला म्हटलं, ते हिशेबात धरू नकोस. तिनं जर्मनची एक पातळी पुरी केली, दुसरी चालू आहे. दवाखाना तिनं एका नव्या डॉक्टर मुलीला सत्तावीस महिन्यांच्या करारावर चालवायला दिला. पाटीवर नाव तिचंच राहील. आम्ही केलेला कागद बहिणीच्या कपाटात आहे. वरच्या दोन ओळी भरलेल्या आहेत. तिसरी तिनं अजून लिहिलेली नाही. मी दोनदा विचारलं, "लिहिते रे, दादा," म्हणाली.

तुमचे प्रश्न असतील तर आता ते घेऊ.